बारीक मुलांची साखर

पुणे जिल्ह्यातल्या सहा गावांमधली सहाशेहून अधिक मुले-मुली अठरा वर्षांची झाली, तेव्हा त्यांचे रक्त आधी उपाशीपोटी आणि मग ग्लुकोजचे पाणी पाजून दोन तासांनी तपासले गेले. घरची शेती, अंगाने सडपातळ अशी ही मुले. त्यांतल्या ४८ टक्के जणांचे वजन उंचीच्या मानाने कमी भरले. यांतल्या कुणाच्या आईला ‘तुझ्या पोराला मधुमेहाचा धोका आहे’ असे कुणी सांगितले असते, तर तिचा विश्वास बसला नसता. तपासणीचे आकडे आले ते असे : मुलग्यांपैकी ३७ टक्के आणि मुलींपैकी १८ टक्के जणांच्या शरीराला साखर नीट हाताळता येत नव्हती. बहुतेकांना मधुमेह झालेला नव्हता, पण त्या वाटेवर त्यांची पावले पडलेली होती.

लहान मुलांमधला मधुमेह, रक्तदाब आणि हृदयविकाराचा धोका हा विषय निघाला की डोळ्यांसमोर उभा राहतो तो शहरातला लठ्ठ मुलगा, हातात वेफर्सचा पुडा, समोर मोबाइल. हे चित्र खोटे नाही. २०२२ साली भारतात ५ ते १९ वयोगटातली सुमारे सव्वा कोटी मुले लठ्ठ होती. १९९० साली हीच संख्या चार लाखांच्या घरात होती, असा जागतिक अभ्यासकांचा अंदाज आहे. पण हे चित्र अर्धेच आहे. उरलेले अर्धे बारीक, काटक दिसणाऱ्या मुलांचे आहे, आणि त्यांच्याकडे आपले लक्ष नाही.

या सहा गावांची गोष्ट १९९३ साली सुरू झाली. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या मधुमेह विभागाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या डॉ. कॅरोलिन फॉल यांनी ‘पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी’ हा अभ्यास हाती घेतला. अभ्यासाची आखणीच वेगळी होती. बाळ जन्मल्यावर नाही, गर्भ राहिल्यावरही नाही, तर त्याच्याही आधीपासून बायकांची नोंद ठेवायची. दोन हजारांहून अधिक विवाहित स्त्रियांच्या घरी कार्यकर्त्या महिन्याच्या महिन्याला जात, पाळीच्या तारखा लिहून घेत. ज्यांना दिवस गेले त्यांचे खाणे, काम, वजन, रक्त सारे टिपले गेले.

या बायका सरासरी १५२ सेंटिमीटर उंच आणि जेमतेम ४२ किलो वजनाच्या होत्या. गरोदरपणात त्यांच्या पोटात दिवसाला साधारण १,८०० उष्मांक आणि ४५ ग्रॅम प्रथिने जात होती, तीही शेतातली कामे करून, पाणी भरून. त्यांच्या बाळांचे सरासरी वजन २.७ किलो भरले. साउदॅम्प्टनच्या बाळांचे वजन साडेतीन किलोच्या आसपास होते. इथपर्यंत नवल वाटण्यासारखे काही नव्हते. नवल पुढे होते. बाळांची कातडी कॅलिपरच्या चिमट्यात हलकेच धरून तिच्याखालची चरबी मोजली गेली. पुण्याकडच्या बाळांचे दंड बारीक होते, पोटाचा घेर लहान होता, म्हणजे स्नायू आणि यकृतासारखे अवयव कमी वाढलेले होते. पण कातडीखालची चरबी मात्र वजनातल्या तफावतीच्या मानाने फारशी कमी नव्हती. बाळ किरकोळ, आणि तरी चरबीचे प्रमाण जास्त. पुढे पुणे शहरातल्या नवजात बाळांच्या नाळेचे रक्त तपासले, तर त्यात लंडनच्या गोऱ्या बाळांपेक्षा इन्सुलिन जास्त सापडले. ज्या गोष्टी चाळिशीतल्या पोट सुटलेल्या माणसात शोधायच्या, त्यांची सुरुवात पहिला श्वास घेतानाच दिसत होती.

याज्ञिकांचे एक छायाचित्र वैद्यकशास्त्रात प्रसिद्ध आहे. ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात २००४ साली ते छापून आले. त्यात ते आणि त्यांचे लंडनचे सहकारी डॉ. जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे आहेत. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, अगदी सारखा : २२.३. शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. वजनकाट्याने दोघांना एकाच मापात बसवले होते, आणि वजनकाटा चुकला होता.

चरबी कुठे साठते यावर पुढचे बरेच काही ठरते. कातडीखालची चरबी तुलनेने निरुपद्रवी असते. ती जागा पुरेनाशी झाली की जादा चरबी पोटाच्या आत, आतड्यांभोवती, यकृतात आणि स्नायूंत शिरते. तिथे ती इन्सुलिनच्या कामात अडथळा आणते. रक्तातली साखर पेशींत ढकलायला मग जास्त इन्सुलिन लागते आणि स्वादुपिंडाला रात्रंदिवस जुंपून घ्यावे लागते. गर्भात नीट पोषण न मिळालेल्या बाळात इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीच कमी तयार होतात, असे मानले जाते. दोनच बैलजोड्या आणि नांगरायला दहा एकर, अशी ती अवस्था. स्नायू हे साखर वापरणारे सर्वांत मोठे गिऱ्हाईक, तेही कमी. यकृतात साठलेली चरबी ट्रायग्लिसराइडच्या रूपाने रक्तात उतरते, चांगले कोलेस्टेरॉल घसरते, रक्तवाहिन्या कडक होऊ लागतात. साखर, चरबी आणि रक्तदाब हे तीन वेगळे आजार म्हणून आपण तीन डॉक्टरांकडे नेतो, पण मुळाशी बिघाड बऱ्याच अंशी एकच असतो.

सहा गावांतल्या मुलांची सहाव्या, बाराव्या आणि अठराव्या वर्षी तपासणी होत गेली. अठराव्या वर्षी ज्यांची साखर बिघडलेली निघाली, त्यांची उपाशीपोटीची साखर सहाव्या वर्षीसुद्धा इतरांपेक्षा थोडी वरच्या बाजूला होती. आजार म्हणावा इतकी नाही, पण वर. पहिलीत जाणाऱ्या मुलात पुढच्या गोष्टीची खूण सापडते, हे या साऱ्या अभ्यासातले सर्वांत अस्वस्थ करणारे निरीक्षण आहे.

आईच्या ताटाकडे पाहिल्यावर आणखी उलगडा झाला. बाळाचे वजन आईने किती उष्मांक खाल्ले यावर फारसे ठरत नव्हते. ज्या बायकांच्या जेवणात पालेभाज्या, फळे आणि दूध वारंवार होते, त्यांची बाळे आकाराने मोठी होती. ज्या बायका गरोदरपणातही अवजड कामे करत राहिल्या, त्यांची बाळे लहान निघाली. दुसरी गोष्ट बी-१२ जीवनसत्त्वाची. दोन तृतीयांश मातांच्या रक्तात ते कमी होते. फोलेट, म्हणजे फॉलिक ॲसिडच्या गोळीतून मिळणारे जीवनसत्त्व, मात्र जवळजवळ सगळ्यांचे पुरेसे. ज्यांच्यात बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होते, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला न जुमानण्याची प्रवृत्ती सर्वाधिक दिसली. याचा अर्थ गरोदरपणात फॉलिक ॲसिडची गोळी टाळावी असा कुणी काढू नये. बाळाच्या मणक्यातले आणि मेंदूतले दोष टळावेत म्हणून ती गोळी लागतेच. अर्थ एवढाच, की एकट्या गोळीने भागत नाही. बी-१२ दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतूनच मिळते; डाळीत, भाजीत, भाकरीत ते नसते. ज्या घरात दूध विकायला जाते आणि घरात चहापुरते उरते, तिथे सुनेच्या वाट्याला ते येणार कुठून?

याच विचारातून पुढे २०१२ साली ‘प्रिया’ नावाचा प्रयोग सुरू झाला. अभ्यासात जन्मलेली बाळे आता किशोरवयात आली होती. त्यांना लग्नाच्या आणि गरोदरपणाच्या आधीपासूनच बी-१२ आणि इतर सूक्ष्म पोषके देऊन पुढच्या पिढीवर काय परिणाम होतो, हे पाहायचे. सातव्या महिन्यात सुरू केलेल्या टॉनिकला फार उशीर झालेला असतो, ही त्यामागची समज.

जन्मानंतरची वर्षेही तितकीच निर्णायक आहेत. दिल्लीत जन्मलेल्या मुलांचे वजन-उंची वर्षानुवर्षे मोजून ठेवलेला एक जुना अभ्यास आहे. डॉ. संतोष भार्गव आणि सहकाऱ्यांनी त्याचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध केले. ही मुले २६ ते ३२ वर्षांची झाली तेव्हा सुमारे दीड हजार जणांची तपासणी झाली; ४.४ टक्के जणांना मधुमेह आणि आणखी १०.८ टक्के जणांना त्याची पूर्वावस्था आढळली. त्यांच्या बालपणीच्या नोंदी उलगडल्या, तेव्हा एक ठसा समान निघाला : पहिल्या दोन वर्षांत ही मुले बारीक होती आणि नंतर बाराव्या वर्षापर्यंत त्यांचे वजन, स्वतःच्याच आधीच्या मापाच्या तुलनेत, भराभर वर चढत गेले होते. बाराव्या वर्षी त्यांतले कुणीही लठ्ठ नव्हते. शाळेच्या रांगेत ती मुले चारचौघांसारखीच दिसली असती.

आपल्याकडे गुटगुटीत बाळांच्या स्पर्धा भरतात, आणि मूल बारीक असले की आजी, मावशी, शेजारीण सगळ्यांचा एकच आग्रह : भरव त्याला. पहिल्या दोन वर्षांत हा आग्रह योग्यच आहे, कारण त्या काळातली वाढ उंची आणि स्नायू घडवते. पाचव्या-सातव्या वर्षी तोच आग्रह बिस्किटे, साखर घातलेले दुधाचे पेय, तूप-साखर-पोळी आणि फरसाण यांनी पुरा केला, तर वाढते ती चरबी. उंची त्याच वेगाने वाढत नाही. मायेपोटी केलेली ही गोष्ट आहे, म्हणून तिच्यावर बोट ठेवणे अवघड जाते. पण ठेवायला हवे.

आता हृदयाकडे वळू. हृदयविकार म्हणजे पन्नाशीचा आजार, हा समज १९५३ मध्येच हादरला होता. कोरियाच्या युद्धात मारल्या गेलेल्या ३०० अमेरिकी सैनिकांची हृदये डॉक्टरांनी तपासली. सरासरी वय बावीस. त्यांतल्या ७७ टक्के जणांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांत आजाराच्या उघड खुणा होत्या. धडधाकट, कवायत करणारी मुले होती ती. मग हे सुरू कधी होते? अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात बोगालुसा नावाचे गाव आहे. तिथे डॉ. जेराल्ड बेरेन्सन यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीपासून शाळकरी मुलांचा रक्तदाब, कोलेस्टेरॉल, वजन मोजायला सुरुवात केली आणि हे काम दशकानुदशके चालू ठेवले. त्यांतली काही मुले पुढे अपघातांत वगैरे दगावली. २ ते ३९ वर्षे वयाच्या अशा २०४ जणांच्या रक्तवाहिन्या तपासल्या, तेव्हा चरबीचे पिवळे पट्टे अगदी लहान वयापासून दिसले. ज्यांच्यात वाढलेले वजन, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, धूम्रपान यांपैकी जितक्या गोष्टी जास्त, तितके हे पट्टे पसरलेले. २०२२ मध्ये अमेरिका, फिनलंड आणि ऑस्ट्रेलियातल्या जवळपास ३९ हजार मुलांच्या जुन्या नोंदी आणि त्यांचे मोठेपणचे आजार एकत्र ताडून पाहिले गेले. बालपणीचे पाच धोके, म्हणजे वजन, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, ट्रायग्लिसराइड आणि किशोरवयातले धूम्रपान, मध्यमवयातल्या झटक्यांशी थेट जोडलेले निघाले.

भारतातली स्थिती पहिल्यांदा नीट कळली ती २०१६ ते २०१८ दरम्यान झालेल्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणातून. एक लाखाहून अधिक मुलांची मोजमापे आणि पन्नास हजारांहून अधिक मुलांचे रक्त-लघवीचे नमुने त्यात घेतले गेले. १० ते १९ वयोगटात स्थूल मुले ५ टक्के, कृश मुले २४ टक्के. याच मुलांमध्ये मधुमेहाची पूर्वावस्था १० टक्के, उच्च रक्तदाब ५ टक्के आणि वाढलेले ट्रायग्लिसराइड १६ टक्के. पाच ते नऊ वर्षांच्या लहानग्यांत तर ट्रायग्लिसराइड वाढलेली मुले ३४ टक्के निघाली. हा शेवटचा आकडा वाचताना एक भान हवे : लहान वयासाठी मर्यादाच खाली, १०० मिलिग्रॅमवर, धरतात, दहा वर्षांपुढे ती १३० असते. तरी आकडा मोठाच. महाराष्ट्र यात देशातल्या सर्वांत कमी प्रमाण असलेल्या राज्यांमध्ये आहे, आणि तिथेही जवळपास पाचातले एक मूल त्यात बसते. स्थूल मुले शंभरात पाच आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावरची दहा, हे गणित नीट पाहिले तर सहा गावांतला निष्कर्ष साऱ्या देशाला लागू पडतो हे कळते.

चरबी न खाता रक्तात चरबी वाढते कशी, असा प्रश्न अनेक पालक विचारतात. ट्रायग्लिसराइड बनते मुख्यतः जादा साखर आणि पिठूळ पदार्थांपासून. सकाळी चहा-बिस्किटे किंवा टोस्ट, डब्यात नूडल्स किंवा जॅम-पाव, दुपारी भाताचा मोठा ढीग आणि वर पातळ वरण, संध्याकाळी क्लासला जाताना वडापाव, मधल्या वेळी रंगीत सरबत. या दिवसभरात प्रथिने शोधावी लागतात. मोड आलेल्या मटकीची उसळ, एक अंडे, मूठभर शेंगदाणे, वाटीभर दही, ज्वारीची भाकरी यांतले काहीही महाग वा दुर्मीळ नाही. ते डब्यातून हद्दपार झाले, कारण पुडा फोडणे सोपे आहे आणि सकाळी सहाला उठून कामावर जाणाऱ्या आईवर आधीच पुष्कळ भार आहे. स्वयंपाकघरातला हा भार वाटून घेणे हाही आरोग्याचाच भाग आहे.

मुलांना होणारा टाइप-२ मधुमेह मोठ्यांच्या मधुमेहासारखा सावकाश चालत नाही. अमेरिकेत १० ते १७ वर्षांच्या अशा मुलांवर दीर्घकाळ लक्ष ठेवले गेले. सरासरी वय २६ झाले तोवर ६० टक्के जणांना डोळे, मूत्रपिंडे किंवा नसा यांपैकी कशावर तरी परिणाम झालेला होता. ज्या वयात पहिली नोकरी लागायची, त्या वयात मूत्रपिंडांच्या डॉक्टरांकडे खेपा. यामुळेच उंबरठ्यावर असतानाच गाठणे महत्त्वाचे, कारण तिथून मागे फिरता येते. वाढीच्या वयात तर वजन उतरवायचीही गरज बहुधा नसते. ते आहे तिथे थोपवले आणि उंची वाढू दिली तरी बरेच काम होते.

पण ओळखायचे कसे? डोळ्यांवर विसंबून चालत नाही, हे एव्हाना स्पष्ट झाले. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचे २०१५चे वाढीचे तक्ते ५ ते १८ वर्षांच्या मुलांसाठी आहेत. ते तयार करण्यात पुण्याचे डॉ. वामन खाडिलकर आणि डॉ. अनुराधा खाडिलकर यांचा मोठा वाटा आहे. भारतीयांच्या शरीरात चरबी लवकर साठते हे ध्यानात घेऊन त्यात स्थूलतेच्या रेषा पाश्चात्त्य तक्त्यांपेक्षा खाली, मोठ्या माणसांच्या २३ आणि २७ बीएमआयशी जुळतील अशा आखल्या आहेत. घरच्या घरी करण्यासारखी चाचणी त्याहून सोपी : कंबरेचा घेर उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी हवा. १४० सेंटिमीटरच्या मुलाची कंबर ७० च्या वर गेली, तर वजन ‘नॉर्मल’ असले तरी डॉक्टरांना दाखवावे.

मानेवर आणि काखेत येणारा काळसर, मखमली जाड पट्टा ही आणखी एक खूण. कित्येक घरांत तो मळ समजून बेसन, लिंबू, दगड लावून घासला जातो आणि मुलीला ओरडाही बसतो. तो मळ नसतो. रक्तात इन्सुलिन वाढले की त्वचा तशी होते. मुलींची पाळी अनियमित असणे आणि ओठांवर, हनुवटीवर केस येणे याकडेही ‘वयात येताना होतेच’ म्हणून काणाडोळा होतो, तो करू नये. वडिलांना पंचावन्नच्या आत किंवा आईला पासष्टच्या आत हृदयविकार झाला असेल, तर मुलाचे कोलेस्टेरॉल तपासून घ्यावे, मग ते कितीही सडसडीत असो. काही घराण्यांत वाढलेले कोलेस्टेरॉल जन्मजातच येते.

शाळांसाठी नियम झाले नाहीत असे नाही. महाराष्ट्र सरकारने २०१७ मध्ये शाळांच्या उपाहारगृहांत जंक फूडवर बंदी घातली. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२०च्या नियमांनुसार जादा चरबी, मीठ, साखरेचे पदार्थ शाळेत आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत विकता येत नाहीत. सीबीएसईने मे २०२५ मध्ये शाळांना ‘शुगर बोर्ड’ लावायला सांगितले, म्हणजे कोणत्या पेयात किती चमचे साखर आहे हे मुलांना भिंतीवर दिसेल. हे सगळे चांगले आहे. पण फाटकाबाहेरची टपरी मधल्या सुट्टीत कुठे उभी असते हे पालक-शिक्षक सभेत विचारणारे पालक हवेत. आणि तेवढ्याच जोराने विचारायला हवे ते पीटीच्या तासाबद्दल. जागतिक आरोग्य संघटना मुलांनी रोज किमान एक तास घाम येईल असे खेळावे म्हणते. जगातली ११ ते १७ वयाची पाचांपैकी चार मुले तेवढे खेळत नाहीत. दहावीच्या वर्षी पीटीचा तास गणिताला दिला जातो, मैदानावर गाड्या लावल्या जातात, आणि मुलगी वयात आली की तिचे खेळणे घरूनच बंद होते. खो-खो, लंगडी, कबड्डीला ना महागडे बूट लागतात ना मोठी जागा. स्नायू वाढवण्याचा आणि साखर खर्चण्याचा याहून स्वस्त उपाय नाही.

पालकांनी एवढे करावे : मूल ठणठणीत असताना, वर्षातून एकदा, वाढदिवसाच्या महिन्यात म्हणा हवे तर, त्याला बालरोगतज्ज्ञांकडे न्यावे आणि उंची, वजन, कंबर आणि रक्तदाब हे चार आकडे लिहून मागावेत. रक्तदाब तीन वर्षांच्या मुलाचाही मोजता येतो. त्यासाठी लहान पट्टा मिळतो, तो नसेल तर तसे सांगून मागावा. घरात मधुमेह असेल, मूल जन्मताना वजनाने कमी असेल किंवा मान काळवंडली असेल, तर दहाव्या वर्षाच्या सुमारास साखरेची तपासणी डॉक्टरांना विचारून करून घ्यावी. आणि घरात मुलगी असेल, तर दूध, अंडे, पालेभाजी तिच्या ताटात भावाइतकीच वाढावी, आजपासून.